नवं घर की जुनं? आधी कागद विचारा, मग रंग



पोस्ट मोठी आहे, पण विषय आयुष्यभराच्या कमाईचा आहे. सवडीनं वाचा आणि घरात जो कोणी घर घ्यायच्या विचारात असेल त्याला वाचून दाखवा.

हल्ली मला बातमीपेक्षा एकाच प्रश्नाचे फोन जास्त येतात. पोरं रांजणगाव, सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला, गाव आपलं निमोणे, न्हावरे, गुनाट, शिंदोडी असं. विचारतात, "दादा, शिक्रापूरला नव्या स्कीममध्ये बुकिंग चाललंय. आणि शिरूरला एक दहा-बारा वर्षांचा फ्लॅट विकायला आहे. काय करू?" दुसरा प्रश्न गावातला. "वडिलांनी बांधलेलं दगडमातीचं घर पाडून स्लॅबचं टाकू, का त्यालाच डागडुजी करू?"

मी इंजिनियर नाही, वकील नाही, एजंट तर अजिबात नाही. पण तालुक्यात बातमीदारी करताना तहसील, दुय्यम निबंधक, ग्रामसभा आणि पोलीस ठाणे या चार ठिकाणी ज्या भानगडी बघितल्या, त्यातल्या बऱ्याचशा जागेच्या आणि घराच्याच होत्या. त्यावरून माझं मत बनलंय आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो.

माझं मत असं. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, पगार वीस-पंचवीस-तीस हजार आहे आणि मागं दुसरा आधार नाही, त्यानं अर्धवट बांधकामात पैसे अडकवू नयेत. कागद पक्के असलेलं, लोक राहत असलेलं घर घ्यावं, मग त्याचा रंग उडालेला का असेना. आणि गावात ज्याचं जुनं घर उभं आहे, त्यानं ते नीट तपासल्याशिवाय जेसीबी बोलावू नये.

आता का, ते सांगतो.

नव्या घराचं आकर्षण खोटं नाही. नवीन फरशी, दोन बाथरूम, लिफ्ट, पार्किंग, मोकळा हॉल. मुलीकडचे स्थळ बघायला येतात तेव्हा "स्वतःचा नवीन फ्लॅट आहे" या वाक्याला आपल्याकडं किती वजन आहे, हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही विचारा. शिवाय बुकिंगला भाव कमी असतो आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे असतात. हे सगळं खरं आहे. पण तो कमी भाव बिल्डर फुकट देत नाही. घर वेळेत न होण्याची जी जोखीम आपण अंगावर घेतो, तिची ती सूट असते.

हिशोब करून बघू. समजा दोन्ही घरं ३० लाखांचीच आहेत. आपल्याकडचे ५ लाख, कर्ज २५ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो साधारण २१,७०० रुपये. वीस वर्षांत बँकेला जातात ५२ लाख. हा आकडा कागदावर लिहून भिंतीवर लावा, कारण एजंट तो कधी सांगत नाही.

तयार घर घेतलं तर पहिल्या महिन्यापासून २१,७०० चालू. पण भाडं बंद. अडीच वर्षांत ६ लाख ५१ हजार भरले जातात. त्यातले साधारण १ लाख ३३ हजार मुद्दलात, बाकीचे ५ लाख १८ हजार व्याजात.

नवीन बांधकामात बँक स्लॅबप्रमाणे पैसे सोडते आणि तोवर नुसतं व्याज घेते. सरासरी निम्मं कर्ज सुटलं असं धरलं तर महिन्याला ८,८५० व्याज आणि राहत्या खोलीचं भाडं समजा ७,०००. म्हणजे १५,८५०. अडीच वर्षांत ४ लाख ७५ हजार गेले, मुद्दलातला एक रुपया फिटला नाही. वर जीएसटी. घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, म्हणजे ३० हजार. त्याच्यावर गेलं की ५ टक्के. तयार घराला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा दुसऱ्याकडून घेतलेल्या घराला, जीएसटी लागतच नाही.

म्हणजे वाया जाणारा पैसा बघितला तर इकडं ५ लाख १८, तिकडं ५ लाख ५. जवळपास सारखाच. फरक इतकाच की एकीकडं तुम्ही ती अडीच वर्षं स्वतःच्या घरात राहिलात, आणि दुसरीकडं भाड्याच्या खोलीत बसून व्हॉट्सअॅपवर स्लॅबचे फोटो बघत राहिलात.

आणि हे सगळं वेळेत झालं तर! एक वर्ष लांबलं की सगळं कर्ज सुटलेलं असतं. व्याज १७,७०० आणि भाडं ७,०००, महिन्याला २४,७०० रुपये. वर्षाला जवळजवळ ३ लाख. कंत्राटदारानं मधेच गेटपास काढून घेतला तर? ज्याचा कायमस्वरूपी पगार आहे तो हे सोसतो. आपला पोरगा दोन महिन्यांतच सावकाराच्या दारात जातो.

"दादा, आता रेरा आहे की," असं कुणीतरी म्हणणारच. आहे, आणि चांगला कायदा आहे. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून चालू आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. ताबा वेळेत नाही दिला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. प्रकल्प कुठवर आला, किती फ्लॅट विकले, कोर्टकचेरी आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. बुकिंगचा चेक फाडण्याआधी दहा मिनिटं ते बघायचं. ब्रोशर नंतर.

पण या कायद्याला एक मोठं भगदाड आहे आणि आपल्या भागातली माणसं नेमकी त्याच भगदाडातून पडतात. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतला प्लॉट, किंवा आठ फ्लॅटची छोटी बिल्डिंग, रेराच्या बाहेर. आता सांगा, मोठ्या टाउनशिपमध्ये आपली किती माणसं घर घेतात? आपण घेतो ती दोन गुंठ्यांतली चार रो-हाऊस, नाहीतर तीन मजली आठ फ्लॅट. जिथं संरक्षणाची गरज सगळ्यात जास्त, तिथंच कायदा दारात थांबतो.

आणि मोठं नाव म्हणजे खात्री, असंही नाही. पुण्याच्या डी. एस. कुलकर्णींइतकं मराठी मध्यमवर्गाच्या विश्वासातलं नाव दुसरं कुठलं होतं? फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपात त्यांना अटक झाली. आरोपांचं काय ते कोर्ट ठरवेल. पण प्रकल्प अर्धवट राहिले आणि ज्यांनी घर बुक केलं होतं ती कुटुंबं वर्षानुवर्षं अडकली, ही गोष्ट पुणे जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. इतक्या मोठ्या नावाचं असं होतं, तर शिक्रापूर फाट्यावर परवा ऑफिस थाटलेल्याची काय गॅरंटी?

आता त्या रो-हाऊसबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कुणाला राग आला तरी चालेल.

शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा विकायला आपल्याकडं १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये सरकारनं बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं किमान क्षेत्र केलं. मग बाजारात काय चालतं? दहा-अकराजण गोळा करायचे, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर समाईक चढवायची आणि जागेवर चुना टाकून "हा तुझा, हा माझा". नाहीतर त्याहून वाईट, नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी. नोटरीनं मालकी येत नाही, हे मी आतापर्यंत शंभर वेळा लिहिलं असेल. स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानंच येते. समाईक सातबाऱ्यावर पुढं एकाचा मुलगा भांडला, एकानं कर्ज काढलं, एकजण वारला, की बाकीच्यांची घरं लटकली. बँक अशा घराला कर्ज देत नाही. म्हणून मग पतसंस्था, बचत गटाचं कर्ज, बायकोचे दागिने.

२०२५ मध्ये सरकारनं तुकडेबंदीत सवलत देऊन १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे जुने व्यवहार नियमित करण्याचा निर्णय घेतला. बरं झालं, पुष्कळ कुटुंबं सुटतील. पण ती सवलत ठराविक भागांपुरती आहे, कुठल्याही रानातल्या तुकड्याला नाही. आणि त्या तारखेनंतरचे व्यवहार त्यात नाहीत. "आता सगळं मोकळं झालं," असं सांगून आज जो गुंठा विकतोय, त्याला आधी ही तारीख विचारा.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा हा भाग पीएमआरडीएच्या हद्दीत आहे. तिथं बांधकाम परवानगी पीएमआरडीएची लागते. "ग्रामपंचायतीनं घरपट्टी लावलीय, नमुना ८ ला नाव आहे, म्हणजे कायदेशीर," हे साफ खोटं. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. तिच्यानं ना मालकी सिद्ध होते, ना परवानगी.

सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०२४ ला, मेरठच्या एका प्रकरणात, सगळ्या देशासाठी सांगून ठेवलंय की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाणी जोडणी ते प्रमाणपत्र बघूनच द्यावी आणि बँकांनीही कर्ज देताना ते पडताळावं. म्हणजे उद्या आपण घर विकायला काढलं आणि भोगवटा नसेल, तर गिऱ्हाईक येईल, बँकेपर्यंत जाईल आणि परत जाईल. नवं घर असो की जुनं, भोगवटा प्रमाणपत्र हा पहिला कागद.

आता दुसरी बाजू. जुनं म्हणजे सोनं, असं मी म्हणत नाही.

जुना फ्लॅट विकणारा कधीच खरं कारण सांगत नाही. "मुलगा पुण्याला शिकायला ठेवलाय म्हणून विकतोय." असेलही. पण पाणी आठवड्यातून दोनदाच येतं म्हणूनही विकत असेल. वाघोलीचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. ३० जून २०२१ ला वाघोली पुणे महापालिकेत गेली, पण तिथल्या सोसायट्यांचं टँकरशी असलेलं नातं त्या दिवशी तुटलं नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि तो हप्त्याच्या बाहेरचा असतो. म्हणून जुनं घर बघायला जाताना मालकाला कमी आणि शेजाऱ्याला जास्त प्रश्न विचारा. वॉचमन, जिन्यात बसलेल्या आजी, खालचा किराणावाला, ही माणसं सगळं सांगतात. नव्या बांधकामात असं सांगणारं कुणी नसतं, आणि जुन्या घराचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा हाच. त्याचे दोष बाहेर आलेले असतात. चार पावसाळे ज्याच्यावरून गेले, ती गच्ची गळते का नाही, हे छताकडं बघून कळतं.

फक्त बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, नाहीतर रंग दिल्याबरोबर जाऊ नका. भर पावसात जा. कोपऱ्यात ओल, बाथरूमच्या खालच्या घरात डाग, बाल्कनीच्या खालून गंजलेली सळई, प्लॅस्टर वाजवलं की पोकळ आवाज, हे बघा. सळई फुगून काँक्रीट सुटायला लागलं असेल तर भाव कितीही कमी असला तरी घरी परत या. इमारत १५ वर्षांची झाली असेल तर सोसायटीनं स्ट्रक्चरल ऑडिट केलंय का, ते विचारा. जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर झाली की अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे विचारा. विकणाऱ्याचं कर्ज बाकी आहे का, मूळ कागद कुठल्या बँकेत आहेत, हे विचारा. आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या. त्याला जे काही हजार लागतील ते या सगळ्या व्यवहारातले सगळ्यात स्वस्त पैसे असतील.

घरातल्या बाईच्या नावावर खरेदीखत केलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांवर ३० हजार. पण मी ते नुसत्या पैशासाठी सांगत नाही. नवऱ्याला जामीन राहायची, मित्रासाठी सही करायची सवय असते. घर बाईच्या नावावर असलं की सही करण्याआधी निदान एकदा घरात चर्चा तरी होते.

आता गावातल्या घराकडं येतो.

आपल्याकडं जुनं घर म्हणजे दगडाचं जोतं, पांढऱ्या मातीच्या नाहीतर दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती, सागाचे नाहीतर लिंबाचे खांब, वर धाबं नाहीतर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी या घरात आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात दहा-दहा मिनिटं बसून बघा. फरक सांगायला लागणार नाही. स्लॅबच्या घरात मग कूलर येतो, वीजबिल वाढतं, आणि म्हातारी माणसं संध्याकाळी अंगणात बाज टाकतात ती सकाळीच आत जातात. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या घरात मे महिन्यात कुणी झोपत नाही, हे चित्र मी आपल्या पंचक्रोशीत किती वाड्या-वस्त्यांवर बघितलंय.

तरी जुन्या घराबद्दल भावूक होऊनही चालणार नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसं गेली ती बरीचशी अशाच जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली. त्या भिंतींना बाहेरून एक आणि आतून एक असा दगडाचा थर होता, मधे माती आणि खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसला तशा भिंती उकलल्या. म्हणून जुनं घर ठेवायचं असेल तर भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, खांबाच्या बुडाला वाळवी आहे का, धाब्यावर दरवर्षी माती टाकून टाकून वजन किती झालंय, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्यायलाच पाहिजे. धाब्याचं वजन उतरवून हलकं छत, भिंतीला आरपार बांधणी, दारं-खिडक्यांवरून घरभर फिरणारी पट्टी, या गोष्टी जुन्या घरालाही करता येतात. किल्लारीनंतर सरकारनंच तिथल्या न पडलेल्या घरांसाठी अशी मजबुतीकरणाची कामं करून घेतली.

पण त्याच किल्लारीची दुसरी गोष्ट सांगतो. ५२ गावं नव्या जागेवर वसवली. घरं भूकंपात टिकतील अशी दिली, हे मोठंच काम. पण सरळ रेषेत रस्ते, एकसारखी घरं, लांबलचक पसरलेलं गाव. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, भावकी एका आळीत कशी राहणार, याचा विचार त्या नकाशात कमी पडला. लोकांनी पुढं आपापल्या परीनं पत्रे टाकून, भिंती घालून ती घरं आपलीशी केली.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं माळीण. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून दीडशेवर माणसं गेली. आमडे गावात नवं माळीण उभं राहिलं, एप्रिल २०१७ मध्ये लोकांना घरं मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथला भराव खचल्याच्या, रस्त्यांना भेगा पडल्याच्या बातम्या आल्या. घरं नवी होती, नीट बांधली होती. जमिनीला बसायला वेळ मिळाला नव्हता. नवं घर बांधताना घर नवं असतं तशी त्याखालची भरावाची जमीनही नवीच असते, हे माळीणनं शिकवलं.

आपल्याकडं डोंगर नाही, पण काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात तीन-चार फुटांवर पाया थांबवला की दोन वर्षांत भिंतीला तिरकी भेग दिसणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, हे जुन्या गवंड्यांना कळत होतं. आज घाई असते. घोड-भीमेच्या वाळूची काय अवस्था झाली ते आपण सगळे जाणतोच. आता क्रश सँड वापरतात, त्यात वाईट काही नाही, पण त्यात दगडाची भुकटी किती आली ते बघायला हवं. आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर बांधकाम काढलं की सगळ्यात आधी काटकसर होते ती स्लॅबवर पाणी मारण्यात. बांधकाम काढणारच असाल तर पाण्याची सोय आधी बघा, मुहूर्त नंतर.

माझा सल्ला असा. गावातलं घर धड असेल तर ते राहू द्या. त्याला लागून एक पक्की खोली, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर बांधा. चार-पाच लाखांत घर सुटसुटीत होतं. उरलेले पैसे विहिरीला, ड्रिपला, पोरीच्या शिक्षणाला राहतात. घरकुलाचे १ लाख २० हजार आले म्हणून अख्खं घर पाडायचं, २५ चौरस मीटरची खोली बांधायची आणि वरचे तीन लाख व्याजानं आणायचे, हे गणित आपल्याकडं अनेकांच्या अंगलट आलंय. जे घर खरंच मोडकळीस आलंय ते पाडलंच पाहिजे, तिथं घरकुल वरदान आहे. पण हप्ता मंजूर झाला एवढ्याच कारणानं नाही.

आणि पाडायचं असो की राखायचं, आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडं आजोबांच्या नावावरची घरं अजून तशीच आहेत. वारस नोंद नाही, वाटप तोंडी. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. बहिणीला न विचारता घर पाडून नवं बांधलं आणि पुढं नोटीस आली, तर दोष तिचा नाही. भाऊबीजेला साडी द्यायची आणि जागेचा विषय निघाला की तिला परकी म्हणायचं, हे आता बंद करा.

गावठाणातल्या घराला पूर्वी कागदच नव्हता, म्हणून बँक उभी करत नव्हती. आता स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. या कामाची सुरुवात महाराष्ट्रात आपल्याच जिल्ह्यातल्या, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाली आणि २०२० मध्ये ती देशाची योजना झाली. ती पत्रिका हातात आली की जुन्या घराच्या दुरुस्तीलाही बँकेकडं जाता येतं. ज्यांच्या पत्रिकेत नाव चुकलंय, हद्द चुकलीय, त्यांनी आजच अर्ज करा. नातवंडांवर ठेवू नका.

शेवटी, हा विषय नुसता तुमच्या-माझ्या घरापुरता नाही, म्हणून काही मागण्या जाहीर मांडतो. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतल्या मंजूर लेआउटची आणि भोगवटा मिळालेल्या इमारतींची यादी बाहेर फलकावर लावावी. घरपट्टीच्या पावतीवर मोठ्या अक्षरात छापावं की ही मालकीचा पुरावा नाही. आठ फ्लॅटच्या आतल्या बांधकामांनाही निदान नोंदणीकृत करार आणि वेगळं बँक खाते सक्तीचं करा, हा मुद्दा आपल्या आमदार-खासदारांनी सभागृहात मांडावा. आणि तालुक्याच्या प्रत्येक मंडलात भूमी अभिलेखचं मिळकत पत्रिका दुरुस्तीचं शिबिर व्हावं. येत्या ग्रामसभेत निमोण्यात हे विषय मी लेखी देणार आहे. तुमच्या गावात तुम्ही द्या.

राहता राहिला प्रश्न, नवं कधी घ्यावं? पगार पक्का असेल, रेरा नोंदणी असेल, इमारतीचं काम शेवटच्या टप्प्यात असेल आणि वर्षभराचा हप्ता अधिक भाडं बाजूला ठेवलेलं असेल, तर खुशाल घ्या. भोगवटा मिळालेलं, अजून कुणी न राहिलेलं नवं घर मिळालं तर सगळ्यात उत्तम. पण यातलं एकही नसताना केवळ सॅम्पल फ्लॅट बघून सही करू नका.

तुमचा अनुभव खाली लिहा, चांगला-वाईट दोन्ही. बिल्डरचं नाव घेऊन शिवीगाळ नको, तारीख आणि कागद लिहा. आणि कुणी या आठवड्यात टोकन द्यायला निघाला असेल तर त्याला ही पोस्ट आधी पाठवा.

कळावे, लोभ असावा.
आपला गावचा पत्रकार, निमोणे